फेराची जागा

२८ जुलै, सोमवार. लाल भोपळा चिरून झाला. पहिला घाव तुमच्या लेकानं घातला, पुढचं मी केलं. वांगी रद्द केली, कारण आज चिरली तर उद्या काळी पडतील. आता तुमच्याच ओट्यावर बसून हे लिहिते आहे.

अक्का, तुमचं तेरावं नेमकं नागपंचमीवर आलं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणजे पोळी गेली, भजी गेली. तेराव्याला पोळी नाही हे कळल्यावर तुमच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी सांगितलं, पुरणाची दिंडं उकडू, भात-वरण करू, भोपळा आजच चिरून ठेवू आणि गवार उद्या हातानं मोडू. मोडणं म्हणजे चिरणं नव्हे. असल्या पळवाटा तुम्हीच शिकवल्यात. तुमची सून मीरा त्यावर हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

येणारी प्रत्येक बाई मला सांगते, उषाताई, रडून घ्या, मोकळ्या व्हा. मला तसं मोकळं होता येत नाही. माझ्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला तर मी पट्टा बदलते. इथं काय बदलायचं ते कळेना, म्हणून कागद घेऊन तुमच्याशी भांडायला बसले. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा भूकंपाला थोडीच वर्षं झाली होती. जुनं गाव ओढ्यापलीकडं मातीच्या ढिगांत, आणि हे नवं गाव पट्टीनं आखल्यासारखं. सरळ गल्ल्या, सारखी घरं, सारखी निळी दारं. आल्या आल्या एका सकाळी डोक्यावर हंडा घेऊन मी तुमच्या घरात शिरले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन तो उतरवला. तुम्ही ज्वारी निवडत बसला होता. मान वर करून म्हणालात, “पाणी बेस आणलंस. आता सून कुणाची त्ये सांग.”

चुकणारी मी एकटी नव्हते हे नंतर समजलं. घरं जमिनीच्या हिशोबानं वाटली गेली होती आणि जुन्या गल्ल्या मोडल्या होत्या. जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बायका चार गल्ल्या लांब जाऊन पडल्या. शेजारी आलेल्या बाईला काय म्हणून हाक मारायची ते ठाऊक नाही, म्हणून नळावर सगळ्या मुक्यानं उभ्या राहायच्या.

नव्या गावात पहिल्या पंचमीला बायकांचा गाण्याचा फेर झाला नाही. दुसऱ्या पंचमीलाही नाही. जुन्या गावात तो वेशीजवळ पारापुढं व्हायचा. इथं वेस नव्हती आणि पार नव्हता. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला सण नाही, आणि कुठल्या घरातलं माणूस गेलं नव्हतं? तुमचा नवरा आणि धाकटी मुलगी भूकंपाच्या पहाटेच गेलेली. तरी तिसऱ्या पंचमीला तुम्हीच बोलावणं करायला निघालात. बोलावणं कुंकू लावून करायची रीत. पण निम्म्या बायकांना कुंकू चालणार नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. म्हणून तुम्ही सुपात ज्वारीच्या लाह्या घेतल्यात आणि दारोदार जाऊन प्रत्येकीच्या पदरात मूठभर घातल्यात. लाह्यांना सवाष्ण कोण आणि विधवा कोण ते कळत नाही.

हे मी पाहिलेलं नाही, सासूबाईंकडून ऐकलं. पाण्याची टाकी आणि शाळा यांच्या मधल्या तुकड्यावर नव्या गावाच्या नकाशात नुसतं ‘मोकळी जागा’ असं लिहिलं होतं. तिथं कुसळं माजलेली. चार बायकांना घेऊन तुम्ही ती खुरपलीत आणि फेर धरलात. पहिल्या फेरात म्हणे गाणी झालीच नाहीत. एकीनं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव चालीवर घ्यायचं आणि बाकीच्यांनी झील उचलायची, म्हणजे तेच नाव सगळ्यांनी मिळून परत म्हणायचं. दिवेलागण झाली तरी नावं संपेनात. दुसऱ्या दिवशी नळावर बायका एकमेकींशी बोलत होत्या.

मी आले तेव्हा फेर पुन्हा हसताखेळता झाला होता. त्याचे नियम जुन्या गावातूनच आलेले. चपला बाहेर काढायच्या. गड्यांनी टाकीच्या अलीकडं यायचं नाही. अर्ध्या बायकांनी ओळ टाकायची, अर्ध्यांनी उचलायची. जिच्या मनात येईल तिनं टाकावी, मग ती आमदाराची बहीण असो की कुणाच्या शेतात खुरपायला जाणारी. आणि सगळ्यांत मोठा नियम, फेरात म्हटलेलं बाहेर न्यायचं नाही. नळावर नाही, गिरणीत नाही, नवऱ्याच्या कानात तर नाहीच. मी गिरणी काढली त्या वर्षी तुम्ही माझ्यासमोर येऊन, पाय आपटत, ओळ टाकलीत:

दळण नेलं पायलीभर, डबा आला हलका गं,
उषाबाईच्या गिरणीला भुकेचा लई भडका गं

साऱ्या बायकांनी ती उचलली, माझ्या सासूबाईंसकट. मी लाल झाले. दुसऱ्याच दिवशी कारागीर बोलावून गिरणीची दगडं खोलून घेतली, तर खरंच आत पीठ अडकत होतं. तुम्हाला येऊन सांगावंसं वाटलं, पण सांगता येईना. ते फेरातलं होतं.

आपला बचत गट त्या जागेवरच उभा राहिला हे मी मान्य करते. कोण शब्दाला पक्की आहे, कोण दुसरीचं ऐकून घेते, कोण नुसतीच मोठ्यानं बोलते, हे मला फेरात दिसलेलं होतं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, गटासाठी बायका कशा निवडल्या? मी म्हणाले, आवाजावरून. त्यांना ती गंमत वाटली.

मग आपली भांडणं सुरू झाली. पहिलं मोठं भांडण नळाचं. पाणी भर दुपारी सुटायचं आणि पोरी शाळा बुडवून हंडे लावायच्या. त्याच्यावर फेरात ओळ पडली. पाणी सोडणाऱ्याची बायको तिथं होती, तिनंही झील उचलली. थोड्याच दिवसांत पाणी सकाळी यायला लागलं. तुम्ही गिरणीत येऊन मला ऐकवलंत, बघ, कुणी अर्ज केला का? मी म्हणाले, तिनं नियम मोडला म्हणून पाणी आलं, नियमच नको. तुम्ही म्हणालात, “तिनं काय मोडलं न्हाय. तिला कान हायत.”

पण प्रत्येकीच्या नवऱ्याच्या हातात पाण्याची चावी नसते, अक्का. चौथ्या गल्लीतली ती पोर दोन पंचम्या फेरात स्वतःच्या अंगावरचे वळ गात होती. आम्ही झील उचलत होतो. मी म्हणाले पोलीस ठाण्यात जाऊ, तिच्या सासऱ्याला घेरू. तुम्ही मला हात धरून बसवलंत. “बाईनं बाहेर बोलायचं का न्हाय त्ये ती ठरवंल. म्या न्हाय, आन् तू तर लईच न्हाय.” पुढं ती लेकरं घेऊन तेरला माहेरी निघून गेली. तिला भेटायला आपण दोघी एसटीनं गेलो. तिनं चहा केला, तुमच्या पायाही पडली. आणि मग बशी खाली ठेवत अगदी हळू म्हणाली, “तुमी समद्यांनी ऐकलंत. मग घरी गेलात.”

परतताना तुम्ही स्टँडवर पेरू घेतलात, अर्धा मला दिलात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. मी जिंकले होते आणि मला ते जिंकणं नको होतं. त्यानंतरही तुम्ही नियम सोडला नाहीत. दार बंद होत असेल तरच बाई तोंड उघडते आणि दाराला एकदा फट पडली की सगळ्या परत मुक्या, हे तुमचं म्हणणं. तुम्हाला ते आता मांडता येणार नाही, म्हणून मीच मांडते आहे, आणि नीट मांडते आहे. पटलंय असं मात्र म्हणत नाही.

दुसरं भांडण स्टेजचं. धाराशिवला बायकांचा मेळावा होता, तिथं फेर घालायचा मीच ठरवला. सगळ्यांना एकसारखी हिरवी लुगडी, टेम्पो, जेवणाचे डबे, सगळं मी जमवलं. तुम्ही कुरकुर करत आलात, पण आलात. स्टेजवर आपण फेर धरला आणि अर्ध्या बायकांची पाठ लोकांकडं झाली. सूत्रसंचालन करणारी मुलगी माईकवर म्हणाली, ताई, प्रेक्षकांकडं तोंड करा. बायका प्रेक्षकांकडं वळल्या आणि फेराची रांग झाली. रांगेत ओळ टाकली, तर ती झेलायला समोर कुणी नाही. पुढं खुर्च्यांवर बसलेल्या बायका नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. तुम्ही तीनदा ओळ टाकलीत. मग पायऱ्या उतरून खाली गेलात आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्या बाईंना हाताला धरून उठवलंत. बघता बघता खुर्च्या बाजूला झाल्या आणि खालीच फेर लागला. स्टेजवर मी आणि माईकवाली मुलगी, दोघीच उरलो.

टेम्पोत तुम्ही मला कोपरखळी मारून म्हणालात, “उषे, लुगडी मात्र बेस व्हती.” सगळा टेम्पो हसला. मीही हसले, पण आतून चिडले होते. मला वाटायचं, हे सगळं चार लोकांना दिसायला पाहिजे. दिसल्याशिवाय काही मिळत नाही. पंखे नाहीत, पाणी नाही, पाऊस आला की फेर मोडतो. बायकांच्या कलेला एक छप्पर तरी नको का?

आणि म्हणूनच सभागृहाची बातमी आली तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. सांस्कृतिक सभागृह, आत स्टेज, बायकांसाठी. संगीता सरपंच झाल्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. जागा राखीव झाली म्हणून उभी राहिलेली पोर. माझ्याकडं दळण घेऊन यायची, फेरात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. पंचायतीत मात्र तिच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा बालाजी बसतो आणि बोलतो तोच. बालाजी वाईट माणूस नाही. उन्हाळ्यात स्वतःच्या ट्रॅक्टरनं टँकर ओढतो. पण सभागृह कुठं बांधायचं हे त्यानं ठरवलं, आणि सगळ्यांत सोपी जागा ठरवली. टाकी आणि शाळेच्या मधली.

मी म्हणाले, काय बिघडलं? फेर सभागृहात धरू. तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसला होता, याच ओट्यावर. म्हणालात, त्या सभागृहाला कुलूप असंल. किल्ली कुणाकडं असंल? लग्नसराईत भाड्यानं दिलं जाईल. आत स्टेज असंल, म्हणजे पुन्हा तोंड एकीकडं. मी म्हणाले, अक्का, किल्ली मी मागून घेते. तुम्ही म्हणालात, “आज आभाळाला किल्ली मागावी लागत न्हाय. तू मला मागायला लावाय लागलीस.” त्यावर मी काहीतरी तोडून बोलले, तुम्ही आत निघून गेलात, आणि दोन दिवसांनी तुमच्या छातीत दुखायला लागलं.

सोलापूरच्या दवाखान्यात मी तीनदा आले. तिन्ही वेळा आपण गिरणीच्या पट्ट्यावर, शेवयांच्या यंत्रावर आणि समोरच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेवर बोललो. जागेचा विषय मी काढला नाही. शेवटच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, “घरी चल, मग भांडू.” मी म्हणाले, हो, आधी बऱ्या व्हा. उशीची खोळ बदलली आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. एसटी मिळाली. घरी पोचले तेव्हा फोन आलेला होता.

दहाव्याला बालाजी इथं आला. हात जोडून बसला आणि मनापासून म्हणाला, सभागृहाला अक्काचं नाव देऊ. भावकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. तुमच्या लेकाचे डोळे भरून आले. बापाचं नाव कुठंच लागलं नाही, आईचं पाटीवर लागेल, त्याला तसं वाटलं तर चूक नाही. मी तुमच्या फोटोकडं बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर आधार कार्डाच्या फोटोतली तीच चीड.

काल त्या जागेवर पांढऱ्या फक्कीनं सभागृहाच्या पायाच्या रेघा मारल्या. पंचमीला जमीन उकरायची नाही हे बालाजीही पाळतो, म्हणून खोदायचं मशीन बुधवारी येणार. म्हणजे उद्याचा एकच दिवस. उद्या फेर झाला नाही तर ती जागा नुसती मोकळी ठरेल, आणि मोकळ्या जागेवर काहीही बांधता येतं. टाकीजवळच्या नव्या रस्त्याकडं पंचायतीची दुसरी जमीन पडून आहे. सभागृह तिथं व्हावं, मी स्वतः पायाला नारळ फोडीन. मला अजूनही छप्पर हवंच आहे. फक्त ते तुमच्या डोक्यावर नको, एवढं मला आता कळलं. उशिरा कळलं असं म्हणणार नाही. तुमचं तेव्हा पटलं नव्हतं आणि फक्कीच्या रेघा बघितल्यावर पटलं, इतकंच.

काल गिरणीत बायका जमल्या. दळण कुणाचंच नव्हतं. फेर धरायचा की नाही? बालाजीचा निरोप आला होता की अक्काच्या तेराव्याला गाणी बरी दिसायची नाहीत. काही बायकांनाही ते खरं वाटत होतं. तुमच्या घराचा सण मी कशी ठरवणार? मग मीरा आली. तुमची मीरा, जिला तुम्ही जन्मभर मुकी म्हणून चिडवलंत. दारातच उभी राहून म्हणाली, “आमच्या घराला यंदा सण न्हाय. मी काय येत न्हाय फेराला. पण फेर काय आमच्या घराचा हाय व्हय?” आणि आली तशी गेली. मग एकजण म्हणाली, लाह्या कोण फोडणार?

तर फेर होईल. पण फेरानं मशीन थांबेल का? फक्की पायांनी पुसली जाते आणि परतही मारली जाते. मी व्यवहारी बाई आहे, मला ठराव कसा फिरतो ते माहीत आहे. सभागृहाच्या ठरावावर सही संगीताची आहे. आणि मागच्या पंचमीला संगीतानं फेरात एक ओळ टाकली होती. ती ओळ मी इथं लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, कारण झील उचलायला आम्हा बायकांना आवाज फुटेना तेव्हा पहिल्यांदा तुम्ही उचललीत. (हे कागद कुणाला वाचायला द्यायचे झाले, तर आधी तिला दाखवीन.) ती ओळ मी चार लोकांसमोर बालाजीच्या तोंडावर टाकली, तर त्याला त्या खुर्चीवर बसणं मुश्कील होईल आणि ठराव तिथंच फाटेल. जागा वाचेल. आणि पुढच्या पंचमीला त्या वाचलेल्या जागेवर पन्नास बायका येतील आणि जुनीच गाणी म्हणून घरी जातील.

सांगा, काय करू? तेरची ती पोर मला एका कानात सांगते की बोल. तुम्ही दुसऱ्या कानात बसला आहात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, माझं डोकं खाऊ नको, लाह्या फोड. तेच करते. ज्वारी भिजवून सुकवली आहे. आज फोडायलाच हव्यात, उद्या कढई चालणार नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमचे मी कधी आभार मानले नाहीत. आपल्यात ती रीत नाही. पण या गावात मी सासूची सून, नवऱ्याची बायको, गिरणीवाली, गटाची अध्यक्ष अशी बरीच काही झाले. नुसती उषा मी त्या जागेवरच होते, वर्षातून एक दुपार, जेव्हा तुम्ही माझ्या अंगावर धावून येत ओळ टाकायचात आणि मला ती झेलावी लागायची. मला गाता येत नाही. पंचवीसेक वर्षं मी नुसती झील ओढली. ती ओढताना शेजारच्या बाईचा हात घट्ट धरलेला असायचा आणि ती कुठल्या घरातली हे बघायची वेळ नसायची. एवढंच. भोपळ्याला मुंग्या लागतील, उठते.

२९ जुलै. सकाळी दिंडं उकडायला ठेवली, झाकण मधेच उघडू नको म्हणून मीराला बजावलं आणि लाह्यांचं सूप घेऊन निघाले. पहिलं बोलावणं सरपंचाच्या दारात केलं. बालाजी ओट्यावर पेपर वाचत बसला होता. म्हणाला, उषाताई, आज अक्काचं तेरावं ना, मग हे कशाला? मी म्हणाले, तेरावं दुपारी आहे, फेर ऊन उतरल्यावर. बोलावणं दोन्हीचं करते आहे, तुम्ही पहिल्याला या.

संगीता हात पुसत बाहेर आली. सूप बघून तिनं पदर पसरला. मी मूठभर लाह्या घातल्या. तुम्ही अशा वेळी काहीतरी छान म्हणायचात, मला ते जमलं नाही. ऊन उतरल्यावर ये, इतकंच म्हणाले आणि वळले. ती तशीच पदर धरून माझ्या मागं आली, गल्लीच्या टोकापर्यंत. तिथून टाकी दिसते आणि टाकीखालच्या पांढऱ्या रेघा दिसतात. तिनं त्या बघितल्या.

“ताई, मागल्या पंचमीला म्या जे म्हणले, त्ये तुमच्या ध्यानात हाय का?”

शब्दन्‌शब्द ध्यानात आहे, अक्का. चालसुद्धा.

“न्हाय,” मी म्हणाले. “मला काय आठवत न्हाय.”

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मी सुपातल्या लाह्या उगाच सारख्या केल्या.

“मला हाय,” ती म्हणाली. मग म्हणाली, आज फेर झाला की बायकांनी घरी जायचं नाही, तिथंच बसायचं, तिला बोलायचं आहे. मशीन उद्या येणार नाही. आधी ग्रामसभा होईल, ती बोलवणार आहे. मी विचारलं, बालाजीला माहीत आहे का? म्हणाली, “न्हाय. आता जाऊन सांगते.”

लाह्यांचा पदर मुठीत धरून ती परत घराकडं गेली. तिच्या पाठीमागं दार लागलं. आतून काय आवाज येतो ते ऐकायला मी थांबले नाही. सूप काखेत घेतलं आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.